आपणच आपले बॅटरीवाले

हॉलंडमध्ये येऊन संसार थाटलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षातच एक साक्षात्कार होतो. इथे चीज स्वस्त, फुलं स्वस्त, पण माणसाचे हात फार महाग! नळ गळायला लागला, दाराची बिजागरी कुरकुरली, भिंतीला रंग द्यायचा झाला की आपण सवयीनं म्हणतो, ‘कुणाला तरी बोलवू या.’ मग त्या ‘कुणाला तरी’चा तासाचा दर कळतो आणि शनिवारी सकाळी आपण मुकाट्यानं हत्यारांच्या दुकानात जाऊन उभे राहतो. इथल्या भाषेत याला ‘दू-हेत-झेल्फ’ म्हणतात. म्हणजे, बाबा रे, तुझं तूच कर! या तीन शब्दांवर इथली मोठमोठी दुकानं चालतात. हळूहळू आपणही रंग देतो, फरशा बसवतो, सायकलचं पंक्चर काढतो आणि गावाकडे फोनवर त्याची फुशारकीही मारतो.

यातली बहुतेक कामं अशी, की बिघडली तर फार तर वाकडी दिसतात. रंगाचा ओघळ राहिला तर पाहुणे गालातल्या गालात हसतील, एवढंच. पण एक काम मात्र या यादीत गुपचूप येऊन बसलं आहे, आणि ते वेगळ्या जातीचं आहे. ते म्हणजे मोटारसायकलची बॅटरी घरी चार्ज करणं. दिसायला सगळ्यांत सोपं. दोन चिमटे, एक लाल, एक काळा, आणि एक प्लग. न रंगाचा डबा, न शिडी. पण त्या चपलांच्या खोक्याएवढ्या डब्यात सल्फ्युरिक ॲसिड असतं, त्यातून स्फोटक वायू निघू शकतो आणि पाना चुकून दोन टोकांना टेकला तर तो लालबुंद होईल एवढा करंटही त्यात असतो.

आमच्या सांगलीकडे हे काम कधी घरात आलंच नाही. बुलेट असो, राजदूत असो की येझदी, बॅटरी उतरली म्हणून गाडी अडून बसायची नाही. किक मारायची, नाहीतर पोरांना धक्का मारायला सांगायचं. हॉर्न रडवेला झाला आणि दिवा मिणमिणायला लागला, की बॅटरी काढून, पिशवीत उभी धरून बॅटरीवाल्याकडे जायचं. स्टँडजवळ त्याची पत्र्याची शेड, समोरून सताड उघडी. फळीवर बॅटऱ्यांची रांग, जाड वायरींनी एकीला एक जोडलेली, बुचं काढलेली. आतून बुडबुड्यांचा बारीक आवाज आणि नाकाला झोंबणारा आंबट वास. मालकाच्या शर्टाला ॲसिडनं पडलेली भोकं. बिडी ओढत आलेल्या गिऱ्हाइकाला तो बाहेरच थांबवायचा. अधूनमधून उठून प्रत्येक बॅटरीच्या कुशीला हाताची मागची बाजू लावून बघायचा, तापलेल्या पोराचं अंग बघावं तशी. आणि कुणी घाई केली की त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, “साहेब, जोरात भरली तर लवकर भरंल, पण लवकर मरंल. उद्या संध्याकाळी या.”

तेव्हा वाटायचं, आपण चार्जिंगचे पैसे देतोय. आता कळतं, की आपण त्या वासाचे, त्या ॲसिडचे, स्फोटाच्या भीतीचे आणि लक्ष ठेवण्याचे पैसे देत होतो. धोका त्याच्या शेडमध्ये राहायचा आणि आपण भरलेली बॅटरी घेऊन घरी यायचो.

हॉलंडमध्ये स्टँडजवळ तो बॅटरीवाला नाही. चार्जर मात्र हव्या त्या दुकानात मिळतो. म्हणजे त्याचं काम आपण उचलून घरी आणलं, पण त्याची अक्कल काही चार्जरच्या खोक्यात भरून मिळत नाही. ती आपल्यालाच कमवावी लागते.

हे काम करावं लागतं ते हिवाळ्यामुळे. मोटारसायकल ही इथे बहुतेकांची हौस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो आणि थंडी पडली की रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ बर्फाबरोबर लोखंडालाही खातं. म्हणून शहाणी मंडळी गाडी धुऊन, पुसून मार्चपर्यंत मागच्या शेडमध्ये झाकून ठेवतात. काही जण वाहन-नोंदणी खात्याकडे गाडीची नोंदणी तेवढ्या महिन्यांपुरती स्थगित करतात. रोड टॅक्स वाचतो, मात्र गाडी रस्त्यावर आणायची नाही, नुसती उभीसुद्धा करायची नाही.

गाडी झोपते, पण बॅटरी झोपत नाही. घड्याळ, अलार्म यांची बारीकशी तहान चालूच असते. समजा ही तहान फक्त ५ मिलिअँपियरची आहे. दिवसाचे २४ तास आणि महिन्याचे ३० दिवस धरले तर महिन्याला ३.६ अँपियर-अवर झाले. बॅटरी १० अँपियर-अवरची असेल, तर नोव्हेंबरात झाकलेली गाडी जानेवारी संपायच्या आत रिकामी! शिवाय बॅटरी काही न करता, नुसती बसूनही थोडी उतरतेच. उतरलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो. तो बरेच दिवस राहिला तर घट्ट होतो आणि मग कितीही चार्ज केलं तरी बॅटरी पहिल्यासारखी होत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याला तिकडे कधी माहीत असायची गरज पडली नाही. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५०-६० अंशांपर्यंत गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे १० च्या आसपास गोठू शकतं. तशी रात्र इथे दर वर्षी येतेच असं नाही, पण येते. गोठलेली, फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी चार्जरला लावायची नाही, हा नियम डोळे मिटून पाळावा.

हे सगळं मला घरात बोलावं लागलं ते आमच्या लेकीमुळे. नोकरी लागल्यावर तिनं एक सेकंडहँड जपानी मोटारसायकल घेतली. आजकालच्या गाड्यांसारखी तिलाही किक नाही. बटण दाबलं की सुरू, नाहीतर बंद. जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी बटण दाबलं तर नुसतं ‘टक्-टक्’. लेकीनं बॅटरी काढली, नवा चार्जर आणला आणि जागा शोधायला लागली. मागच्या शेडमध्ये तेव्हा वीज नव्हती. आमचं घर इथल्या हजारो घरांसारखंच, रांगेतलं. पुढचं दार, दाराशी वीज आणि गॅसच्या मीटरचं कपाट, लगेच उभा, अरुंद जिना आणि जिन्याखाली सामानाची खोपटी. लेकीला ती खोपटी पसंत पडली.

“आत ऊब आहे, सॉकेट आहे, दार लावलं की कुणाच्या पायातही येणार नाही. रात्रभर राहू दे, सकाळी सातला काढते.”

म्हटलं, “तिथे नको.”

“बाबा, चार्जर ऑटोमॅटिक आहे. भरली की आपोआप थांबतो.”

“चार्जर ऑटोमॅटिक आहे गं, बॅटरी ऑटोमॅटिक नाही.”

“सगळे असंच करतात! तुम्हाला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते.”

आवाज जरा चढले असावेत. माझी आई त्या हिवाळ्यात सांगलीहून आमच्याकडे आली होती आणि तिची खोली बरोबर त्या जिन्याच्या वर होती. तिथून तिचा प्रश्न आला, “काय रे, काही जळतंय का?”

“अजून काही जळलं नाही आई, म्हणूनच बोलतोय!”

लेक हसली आणि बॅटरी रात्रभर गॅरेजच्या फडक्यात गुंडाळून तशीच राहिली, चार्जरविना. पण माझ्या डोक्यातून आईचा जिना जाईना. दिवसाउजेडीसुद्धा तो जिना उतरायला तिला आधार लागायचा. रात्री खालच्या खोपटीत काही झालं असतं तर वर झोपलेल्या सगळ्यांचा बाहेर पडायचा रस्ता तोच एक होता. गाडीची बॅटरी असो की सायकलची, चार्जिंगची जागा निवडताना पहिला प्रश्न ‘सॉकेट कुठे आहे’ हा नसावा. ‘इथे पेट घेतला तर आम्ही कुठून बाहेर पडणार’ हा असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना लेकीला म्हटलं, आता नीट ऐक. बॅटरी जवळजवळ भरली की जादा करंट तिच्यातलं पाणी फोडायला लागतो. त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. बॅटरीवाल्याच्या फळीवरचे बुडबुडे ते हेच. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही आणि हवेत तो फक्त ४ टक्के झाला तरी एका ठिणगीनं पेट घेऊ शकतो. तो हवेपेक्षा कितीतरी हलका, म्हणून वर चढतो आणि बंद खोपटीत छताशी जमतो. सांगलीची शेड समोरून उघडी होती ती गरिबीमुळे असं मला लहानपणी वाटायचं. खरं म्हणजे ती उघडी होती म्हणूनच सुरक्षित होती! १ जुलै २०२२ पासून इथे प्रत्येक घरात प्रत्येक राहत्या मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे. चांगलीच गोष्ट. पण तो अलार्म धूर ओळखतो, हायड्रोजन नाही.

“पण माझी बॅटरी सीलबंद आहे,” लेक म्हणाली. बरोबर आहे. हल्लीच्या बहुतेक सीलबंद असतात. त्यांत निघालेला वायू आतच पुन्हा पाणी होतो आणि पाणी घालावं लागत नाही. पण त्यांनाही एक छोटा व्हॉल्व्ह असतो. चार्जर चुकीचा असला किंवा बॅटरी आतून बिघडलेली असली, तर दाब वाढून वायू त्या व्हॉल्व्हमधून बाहेर येतोच. धोका कमी झाला, संपला नाही. आणि सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटून आत पाणी घालायचा पराक्रम कुणी करू नये.

या बाबतीत आपण राहतो त्या देशाला जुना मान आहे. वीज साठवायची पहिली बरणी ज्या गावाच्या नावानं ओळखली जाते ते लायडन इथलंच. १७४६ साली तिथल्या पीटर फान मुशेनब्रुक या प्राध्यापकानं पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत वीज साठवली आणि तिचा असा जबर झटका खाल्ला, की फ्रान्सचं राज्य दिलं तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही, अशा अर्थाचं पत्र त्यानं पॅरिसला लिहिलं. पुढे अशा बरण्या ओळीनं जोडून ठेवल्या तेव्हा बेंजामिन फ्रँकलिननं त्या संचाला तोफांच्या रांगेवरून ‘बॅटरी’ म्हटलं. शिसं आणि ॲसिडची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये केली आणि आपल्या गाडीतली बॅटरी अजून त्याच घराण्यातली आहे. लायडनच्या प्राध्यापकाला जे एका झटक्यात कळलं ते आमच्या बॅटरीवाल्याला शर्टाच्या भोकांतून कळलं होतं. साठवलेली वीज गप्प बसलेली असते, म्हणून ती गरीब असते असं नाही.

तर मग काम कसं करायचं? त्या शनिवारी आम्ही बापलेकीनं बागेकडच्या दाराशी, उघड्या खिडकीखाली, फरशीवर केलं ते सांगतो. पडदे, कागद, पुठ्ठे बाजूला. अंगठी, घड्याळ, बांगड्या आधी काढून ठेवल्या. गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्रही काढावं किंवा कपड्यात नीट खोचावं, कारण धातू दोन टोकांमध्ये आला की क्षणात तापून कातडी भाजते. डोळ्यांना चष्मा, तोही बाजूनं झाकलेला.

गाडीतून बॅटरी काढताना आधी काळं टोक, म्हणजे मायनस सोडायचं, मग लाल. यामागे कारण आहे. गाडीचा सगळा सांगाडा मायनसला जोडलेला असतो. आधी लाल सोडायला गेलं आणि पाना सांगाड्याला टेकला तर थेट शॉर्टसर्किट. मायनस आधी सुटलेलं असलं की पाना सांगाड्याला टेकला तरी काही होत नाही. बसवताना याच्या उलट, आधी लाल, शेवटी काळं.

चार्जर लावताना प्लग भिंतीत नसतानाच चिमटे लावायचे, लाल लालला, काळा काळ्याला. ते घट्ट बसले की मगच प्लग. काढताना आधी प्लग, मग चिमटे. चालू चार्जरचा चिमटा ओढला की ठिणगी उडते आणि ती नेमकी जिथे वायू असू शकतो तिथेच उडते. एवढा एक क्रम पाळला तरी निम्मं काम झालं.

करंट किती? बॅटरीवाल्याचा हिशेब अजून खरा आहे, क्षमतेचा दहावा हिस्सा. १० अँपियर-अवरच्या बॅटरीला १ अँपियर. मोटारीचा जुना, जाडजूड चार्जर शेजाऱ्यानं प्रेमानं देऊ केला तरी नम्रपणे नको म्हणावं. तो मोटारसायकलच्या चिमुकल्या बॅटरीला तापवून काढतो. चांगला चार्जर १४.४ व्होल्टच्या आसपास नेऊन, बॅटरी भरल्यावर व्होल्टेज उतरवतो. तरीही तासातासानं जाऊन हाताची मागची बाजू कुशीला लावावी. कोमट चालेल. गरम लागली, फुगलेली दिसली, किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर भिंतीतून प्लग काढायचा, खिडक्या उघडायच्या आणि चिमट्यांना काही वेळ हात लावायचा नाही. भरून झाल्यावर काही तास जाऊ द्यावेत आणि स्वस्तातल्या मल्टिमीटरनं मोजावं. १२.६ किंवा वर आलं तर भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. लेकीची त्या दिवशी सकाळी ११.९ होती, रविवारी सकाळी १२.७ निघाली.

ज्यांच्याकडे जुनी, बुचांची बॅटरी आहे त्यांनी पाणी चार्जिंगनंतर खुणेपर्यंत भरावं, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच. नळाचं पाणी घालायचं नाही. इस्त्रीसाठी दुकानात ‘खेदेमिनेरालिझेर्द वाटर’ मिळतं, ते घ्यावं. नाव उच्चारताना खेद होतो, पण पाणी चांगलं असतं!

काही नव्या गाड्यांत लिथियमची हलकी बॅटरी येते. तिची जात निराळी. तिच्यासाठी सांगितलेलाच चार्जर वापरायचा आणि शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करायची नाही. आधी घरात आणून तिला खोलीच्या उबेला येऊ द्यायचं. शिशाच्या बॅटरीचा ‘सल्फेट काढणारा’ चार्जर तिला कधीच लावू नये.

आणि एवढं करूनही ॲसिड अंगावर उडालंच तर? कातडीवर किंवा डोळ्यांत उडालं तर लगेच नळाखाली, भरपूर वाहत्या पाण्यानं धुवावं. डोळा असेल तर निदान पंधरा-वीस मिनिटं, पापण्या उघड्या धरून, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी ११२ ला फोन करायचा. खाण्याचा सोडा जमिनीवर सांडलेल्या ॲसिडसाठी, डोळ्यांसाठी कधीच नाही. म्हणून हे काम घरात एकटं असताना करू नये.

पुढच्या हिवाळ्याआधी आम्ही इलेक्ट्रिशियन बोलावून शेडपर्यंत जमिनीखालून केबल टाकून घेतली, गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचसकट. बिल बघून सौ.नं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, सांगलीच्या बॅटरीवाल्याची इतक्या वर्षांची थकबाकी आहे असं समज. आता बॅटरी शेडमध्येच, खिडकी किलकिली ठेवून, दर महिन्याला एका सुट्टीच्या दिवशी चार्ज होते.

शेजारच्या डच आजोबांनी हा खटाटोप कुंपणावरून पाहिला आणि विचारलं, एवढं कशासाठी? सांगितलं तसे ते जरा गप्प झाले. त्यांच्या इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी रोज रात्री त्यांच्या जिन्याखाली चार्ज होत होती. त्यांचा जिना आणि आमचा जिना यांच्यामध्ये एकच भिंत. इथलं अग्निशमन दलही सांगतं, की चार्जिंग जागेपणी करा आणि बाहेर पडायच्या वाटेवर करू नका. रांगेतल्या घरांत दू-हेत-झेल्फ म्हटलं तरी परिणाम काही फक्त ‘झेल्फ’पुरता राहत नाही. आता ते दुपारच्या कॉफीच्या वेळी, स्वयंपाकघराच्या फरशीवर, डोळ्यांसमोर चार्ज करतात.

मेलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, हेही जाता जाता सांगतो. पालिकेच्या मिल्यूस्त्रातवर, म्हणजे कचरा वेगळा करून घेणाऱ्या केंद्रावर, ती घेतात. नवी घेताना दुकानदारही जुनी ठेवून घेतो. नेताना उभी न्यावी आणि टोकांना चिकटपट्टी लावावी.

वाचकहो, थंडी पडायच्या आधी एकदा आपापल्या जिन्याखाली डोकावून बघा. बॅटरी भरली की चार्जरचा हिरवा दिवा लागतो. तो दिवसाउजेडी, जागेपणी, उघड्या खिडकीशी बसून बघावा, एवढंच सांगणं आहे.